गुलमोहराच्या अर्कात ‘भरपूर अँटिऑक्सिडंट’ सापडले, म्हणजे नेमकं काय सापडलं?

मे महिन्यात गुलमोहर फुलला की मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप यायला लागतात. पहिला नुसत्या फोटोंचा, त्याला आपली काही हरकत नाही. दुसरा ‘संशोधनाने सिद्ध’ अशा शब्दांनी सुरू होतो: गुलमोहराच्या पानाफुलांत शक्तिशाली अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणून फुलांचा काढा प्या, पानांची पूड घ्या, मधुमेह आटोक्यात येईल, कर्करोग जवळ फिरकणार नाही.

गंमत म्हणजे या निरोपाचा अर्धा भाग खरा असतो. गुलमोहराची पानं, फुलं, साल, मुळं यांच्या अर्कांवर शोधनिबंध प्रसिद्ध झालेले आहेत आणि त्यांत अँटिऑक्सिडंट गुण दिसलेलाही आहे. गडबड होते ती तिथून थेट काढ्यापर्यंत मारलेल्या उडीत. ती उडी कुठे फसते हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतलं विज्ञान आणि थोडा हिशेब पुरतो.

आधी झाडाची ओळख

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या या बेटावर बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मलेले वनस्पतीशास्त्रज्ञ वेंझेल बोयर यांना हे झाड आढळलं आणि १८२९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. आजचं शास्त्रीय नाव डेलॉनिक्स रेजिया. शेंगा धरणाऱ्या कुळातलं झाड, म्हणजे तूर, चिंच आणि बहावा यांचं नातलग. फुलं देखणी, वाढ झटपट, सावली मोठी, एवढ्या भांडवलावर ते जगभरच्या उष्ण शहरांतल्या रस्त्यांवर लागलं. भारतात ते एकोणिसाव्या शतकात आलं. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो.

झाड भारतात कधी आलं हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. ‘आयुर्वेदात हजारो वर्षांपासून गुलमोहर वापरला जातो’ असं कुणी म्हणालं, तर चरक आणि सुश्रुत यांनी हे झाड पाहिलेलंच नव्हतं, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यामुळे झाड निरुपयोगी ठरत नाही. फक्त परंपरेचा जो दाखला हळदीला किंवा हिरड्याला देता येतो, तो इथे चालत नाही. जे काही आहे ते आधुनिक प्रयोगांतूनच सिद्ध व्हावं लागणार.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

रेणूंमधले इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा जोडीने असतात. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा राहिला, तर तो रेणू अस्थिर होतो आणि शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. अशा रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो शेजारी आता स्वतःच फ्री रॅडिकल होतो आणि त्याच्या पुढच्या शेजाऱ्याकडे वळतो.

चाळीत वाटीभर साखर उसनी मागण्यासारखं आहे हे. पाहुणे आले, साखर संपलेली, म्हणून एका घरातून शेजारी मागणी गेली. तिथेही डब्यात तेवढीच होती, म्हणून त्या घराने पुढच्या दारावर टकटक केली. अशी उसनवारी मजलाभर फिरते. मग एखादं घर असं लागतं की जिथे डबा भरलेला असतो. ते वाटीभर देतं, पण त्याचं काही अडत नाही आणि ते पुढे कुणाकडे मागायला जात नाही. साखळी तिथे तुटते. अँटिऑक्सिडंट म्हणजे हे घर: इलेक्ट्रॉन देऊनही स्वतः बऱ्यापैकी स्थिर राहणारा रेणू.

ही साखळी स्वयंपाकघरातही चालू असते. जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी बरेच दिवस राहिली की खवट होते. हवेतला ऑक्सिजन आणि तेलातले मेदाम्लांचे रेणू यांच्यात हीच ओढाताण होते आणि तिच्या शेवटी वास मारणारे छोटे रेणू तयार होतात. आपल्या पेशींचं आवरणही मेदाचंच असतं, म्हणून शरीरातही असं नुकसान होऊ शकतं.

पण शरीर काही हातावर हात ठेवून बसलेलं नाही. अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत फ्री रॅडिकल तयार होणारच, हे गृहीत धरून बंदोबस्त केलेला असतो. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचं काम उलगडलं. हे विकर सुपरऑक्साइड नावाच्या फ्री रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटलेज हे विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर जो फेस येतो, तो रक्तातलं कॅटलेज काम करत असल्याचा पुरावा. ही विकरं एकामागून एक रेणू निकालात काढतात आणि स्वतः खर्ची पडत नाहीत. अर्कातला रेणू मात्र एक-दोन इलेक्ट्रॉन दिले की संपला.

आणखी एक गोष्ट निरोपांत कधीच नसते. फ्री रॅडिकल सगळेच खलनायक नसतात. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. ज्यांच्यात जन्मतः ही क्षमता नसते, त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. सरसकट सगळे फ्री रॅडिकल नाहीसे करणं हे शरीराचं उद्दिष्टच नाही.

झाडाला हे कशासाठी हवं असतं?

झाडाला ऊन चुकवून सावलीत बसता येत नाही. भर उन्हात पान उघडं राहतं, प्रकाशसंश्लेषणात फ्री रॅडिकल तयार होतात, वर अळ्या, बुरशी आणि गुरं आहेतच. म्हणून वनस्पती इलेक्ट्रॉन देऊ शकणाऱ्या फिनॉलिक संयुगांचा मोठा साठा बाळगतात. चहाचा तुरटपणा, कच्च्या केळ्याने जिभेवर येणारा चिकटा, जांभळाने रंगलेली जीभ, ही सगळी याच गोतावळ्याची करणी. गुलमोहरात याच गोतावळ्यातले क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड आहेत, गॅलिक आम्ल आहे, टॅनिन आहेत. पाकळ्यांच्या लाल रंगात अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आहेत. घरी पाहायचं असेल तर पाकळ्या गरम पाण्यात घालून रंग काढा. त्यात लिंबू पिळलं की लाली खुलते, खायचा सोडा टाकला की रंग हिरवटसर होतो.

मात्र ही संयुगं काही गुलमोहराची मिरासदारी नाही. पेरूचं पान, आंब्याचं पान, शेवगा, तुळस, कण्हेर, जवळपास कुठल्याही झाडाचं पान घ्या, त्यात ती कमी-जास्त प्रमाणात असतातच. कण्हेर मुद्दाम लिहिली. ती विषारी आहे आणि तरीही अँटिऑक्सिडंटच्या परीक्षेत उत्तीर्ण होते. जिथे बहुतेक सगळेच पास होतात त्या परीक्षेच्या प्रमाणपत्राला किती महत्त्व द्यायचं, हे वाचकाने ठरवावं.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

पानं धुऊन सावलीत वाळवतात, दळतात, आणि ती पूड मिथेनॉल, इथेनॉल किंवा पाण्यात भिजवतात किंवा उकळतात. मग गाळून द्रावक उडवून लावतात. तळाशी जो गडद, चिकट ऐवज राहतो तो अर्क. त्यात शेकडो वेगवेगळे रेणू असतात.

मग येते सर्वांत लोकप्रिय चाचणी, डीपीपीएच. १९५८ मध्ये मार्सडन ब्लॉइस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ती मांडली. डीपीपीएच हे बाटलीत मिळणारं, टिकाऊ फ्री रॅडिकल आहे आणि त्याचं द्रावण गडद जांभळं असतं. त्यात अर्क घातला आणि अर्कातल्या रेणूंनी इलेक्ट्रॉन दिले, की जांभळा रंग फिका होत पिवळट होतो. नळी साधारण अर्धा तास अंधारात ठेवायची आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती उतरला ते यंत्रावर मोजायचं. रंग निम्मा उतरवायला अर्क किती लागला, तो आकडा म्हणजे आयसी-५०. आकडा जितका लहान, तितका अर्क प्रभावी. तुलनेला सहसा क जीवनसत्त्व घेतात.

जोडीला आणखी एक चाचणी असते. तिच्यात फोलिन नावाचं पिवळं द्रावण अर्कामुळे निळं होतं आणि त्यावरून फिनॉलिक संयुगं किती हे ठरवतात. खरं तर ते द्रावण इलेक्ट्रॉन देणाऱ्या कुठल्याही रेणूने निळं होतं. क जीवनसत्त्वाने होतं, काही शर्करांनीही होतं. तेव्हा दोन्ही चाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळले म्हणून पुरावा दुप्पट झाला असं होत नाही. एकच गुण दोन रंगांत मोजलेला असतो.

आता डीपीपीएच या रसायनाकडे नीट पाहा. आपल्या शरीरात ते नसतं. अन्नात नसतं, हवेतही नसतं. हा प्रयोग बहुधा मिथेनॉलमध्ये होतो आणि आपलं रक्त मिथेनॉलचं नाही. चाचणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. तिला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर ती चोख देते. प्रश्न एवढाच असतो: हा अर्क, या बाटलीत, या रसायनाला इलेक्ट्रॉन देतो का?

नळीतून रक्तात: एक हिशेब

समजा, एखाद्या अर्काचा आयसी-५० दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम आला. शोधनिबंधात याला ‘लक्षणीय’ म्हटलं जाईल. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ४० लिटर पाणी असतं. एवढ्या पाण्यात तीच तीव्रता आणायची तर ४०,००० मिलिलिटर गुणिले ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम अर्क शरीरभर पसरायला हवा. दोन ग्रॅम ऐकायला फार नाहीत. पण गिळलेलं सगळं रक्तात जात नाही. शंभरातले पाच भाग शोषले गेले असं धरू. मग गिळायचा अर्क झाला ४० ग्रॅम. पानांच्या पुडीतून दशांश अर्क निघतो असं धरलं, तर ४०० ग्रॅम सुकी पूड. ती पोटात गेली तरी हे रेणू काही तासांत मूत्रावाटे निघून जाणार, म्हणजे दिवसातून कित्येक वेळा हाच खुराक. गुरांनाही इतका चारा एका दमात आवडत नसावा.

शिवाय जे शोषलं जातं ते मूळ रूपात राहत नाही. आतडं आणि यकृत क्वेर्सेटिनसारख्या रेणूंना परकं समजतात आणि त्यांच्यावर साखरेसारखे किंवा गंधकयुक्त गट चिकटवून त्यांना बाहेरची वाट दाखवतात. ज्या टोकांनी इलेक्ट्रॉन द्यायचा, नेमकी तीच टोकं या कामात झाकली जातात. नळीत चाचणी झाली एका रेणूची आणि रक्तात फिरतो दुसराच.

यावर कुणी म्हणेल, फळं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली मोजली आहे, त्याचं काय? मोजली आहे, बरोबर. अमेरिकेत लोटिटो आणि फ्राय यांनी सफरचंद खाल्लेल्या माणसांच्या रक्तात ही वाढ पाहिली आणि ती आली कुठून हे शोधलं. उत्तर निघालं युरिक आम्ल! फळातल्या फ्रुक्टोज साखरेमुळे रक्तातलं युरिक आम्ल थोडा वेळ वाढतं, ते स्वतः चांगलं अँटिऑक्सिडंट आहे आणि यंत्राला तेवढंच कळतं. हेच युरिक आम्ल फार वाढलं की पायाचा अंगठा सुजतो, म्हणजे गाउट होतो. उद्या गाउटच्या रुग्णाला ‘तुमच्या रक्तात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत’ असं सांगितलं तर ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने खोटं नसेल.

बाटलीतल्या आकड्यांवरून खाद्यपदार्थांची क्रमवारी लावायचा प्रयत्नही होऊन गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशी मोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. पूरक गोळ्या विकणाऱ्या कंपन्या ती जाहिरातीत वापरू लागल्या. या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दिसत नाही असं सांगून त्या खात्याने २०१२ मध्ये ती काढून टाकली.

माणसांवर तपासलं तेव्हा

गुलमोहराच्या अर्काची माणसांवर मोठी चाचणी झालेली नाही. पण अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतल्याने रोग टळतात का, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरं धक्कादायक आहेत.

१९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपण फ्री रॅडिकलमुळे येतं अशी कल्पना मांडली होती. कल्पना सुटसुटीत होती. तिच्यावरून पुढची पायरी सहज सुचते: अँटिऑक्सिडंट द्या, रोग कमी होतील. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं. काहींना बीटा कॅरोटीन दिलं, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती रिकामी गोळी. गाजरातलं बीटा कॅरोटीन, त्याने काय वाईट होणार? १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. निकालावर विश्वास बसेना. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर अशीच दुसरी चाचणी चालू होती. त्यात बीटा कॅरोटीनच्या जोडीला अ जीवनसत्त्व होतं. तिथे कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये ती ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. पुढे ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या आणखी एका अमेरिकी चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये स्पष्ट झालं.

असं का व्हावं? एक धागा स्वीडनमधल्या संशोधनातून मिळाला. २०१४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्या उंदरांच्या फुप्फुसात आधीच गाठ धरू लागली आहे, त्यांना अँटिऑक्सिडंट दिले तर गाठ भराभर वाढते. गाठीतल्या पेशींनाही फ्री रॅडिकलचा त्रास होतोच, आणि आपण बाहेरून त्या पेशींनाच मदत करतो. व्यायामाचंही असंच. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावून निम्म्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम सुधारायला हवा, तो गोळ्या घेणाऱ्यांत सुधारला नाही. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल शरीराला ‘तयारीला लागा’ असा निरोप देत असतात, तो गोळ्यांनी मध्येच अडवला.

शोभेच्या झाडाचंच उदाहरण हवं असेल तर गिंको घ्या. पंख्याच्या आकाराच्या पानांचं, पानगळीच्या आधी सोनेरी होणारं हे झाड चीन-जपानपासून अमेरिकेपर्यंत रस्त्यांच्या कडेला लावतात. त्याच्या पानांच्या अर्कातही भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत आणि स्मरणशक्तीसाठी तो जगभर विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षांच्या पुढच्या ३,०६९ जणांना सरासरी सहा वर्षं एकतर तो अर्क दिला, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, किंवा रिकामी गोळी. २००८ मध्ये निकाल जाहीर झाला. रिकामी गोळी घेणाऱ्या २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला होता, गिंको घेणाऱ्या २७७ जणांना. फायदा शून्य. गिंकोचा अर्क गुलमोहराच्या मानाने कितीतरी अधिक अभ्यासलेला, प्रमाणित केलेला होता, हे इथे ध्यानात घ्यावं.

‘मग फळं-भाज्या खायला का सांगता?’

कारण फळं-भाज्या खाणाऱ्यांची तब्येत चांगली राहते हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. पण फळात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, पाणी आहे, आणि त्याने पोट भरल्यावर वडापाव एक कमी खाल्ला जातो. त्यातले अँटिऑक्सिडंट तेवढे वेगळे काढून गोळीत घातले तर तो फायदा मिळत नाही, हेच वरच्या चाचण्या सांगतात.

‘झाडांपासून औषधं निघतात, हे तरी मान्य आहे ना?’

अगदी मान्य. उदाहरण गुलमोहराच्या गावचंच आहे. दारातल्या कुंडीतली सदाफुलीही मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिचा काढा देतात असं ऐकून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो उंदरांवर तपासला. साखर काही उतरली नाही. उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. ज्यांनी अर्क ‘निकामी’ म्हणून फेकून दिला नाही त्यांना सलाम. कारण पांढऱ्या पेशी घटवणारा रेणू रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडू शकतो. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, पाठोपाठ दुसऱ्या संशोधकांना व्हिनक्रिस्टिन मिळालं, आणि १९६३ मध्ये व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलांच्या ल्युकेमियात ते आजही वापरतात.

या गोष्टीत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. एक, हे रेणू अँटिऑक्सिडंट म्हणून काम करत नाहीत. ते पेशीचं विभाजन रोखतात आणि म्हणूनच जपून, मोजून, शिरेतून द्यावे लागतात. दोन, औषध झाला तो एक ओळखलेला रेणू. टनावारी पानांतून मोजके ग्रॅम निघतात. सदाफुलीची पानं चावून ल्युकेमिया बरा होत नाही, उलट विषबाधा होऊ शकते. गुलमोहरात उद्या असा एखादा रेणू सापडूही शकेल. पण तो सापडेल तेव्हा त्याचं श्रेय जांभळा रंग उतरण्याला नसेल.

‘नैसर्गिक आहे, घेऊन अपाय काय होणार?’

गुलमोहराची एक पाकळी पांढऱ्या-पिवळ्या रेघांची, आंबट असते. लहानपणी ती चघळलेले लोक महाराष्ट्रात पुष्कळ भेटतील आणि ते सगळे ठणठणीत आहेत. पण पाकळी चघळणं वेगळं आणि सांद्र अर्क रोज महिनोन् महिने घेणं वेगळं. हिरवा चहा पिणं निर्धोक आहे, पण त्याच्याच अर्काच्या गोळ्यांबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला: त्यातलं मुख्य कॅटेचिन (एक फिनॉलिक संयुग) दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा दिसतात. आपल्याकडे कोविडच्या काळात गुळवेल घराघरांत पोचली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वाद बराच रंगला. गुळवेलीला निदान परंपरेचा आणि मात्रेचा आधार आहे. गुलमोहराच्या काढ्याची मात्रा कुणी ठरवली?

गुलमोहराच्या बियांत प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, म्हणून त्यांची कच्ची पूड तर नकोच. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर धूर आणि धूळ बसलेली असते ती निराळी. आणि ज्यांचं मधुमेहाचं किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, त्यांनी कुठलाही अर्क डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. सर्वांत मोठा अपाय यकृताला होत नाही, तो औषध बंद करून काढ्यावर विसंबण्यात असतो. म्हणूनच १९५४ च्या जादूटोणासदृश उपाय आणि आक्षेपार्ह जाहिराती रोखणाऱ्या केंद्रीय कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. मोबाइलवरचे फिरते निरोप या कायद्याच्या हाती क्वचितच लागतात.

‘मग हे इतके शोधनिबंध निघतात कशासाठी?’

थोडं चांगलं कारण आहे, थोडं व्यवहाराचं. व्यवहाराचं आधी. डीपीपीएच चाचणी स्वस्त आहे. रंग मोजणारं यंत्र बहुतेक विज्ञान आणि फार्मसी महाविद्यालयांत असतं, झाड आवारातच असतं, आणि एका सत्रात काम हातावेगळं होतं. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची अट २०२२ च्या नियमावलीत रद्द झाली. तोवर ज्या घाईने झाडांची पानं नळीत गेली ती समजण्याजोगी आहे.

चांगलं कारण असं की कुठलाही शोध अशाच सोप्या चाळणीने सुरू होतो. विद्यार्थी अर्क काढायला शिकतो, मोजायला शिकतो. निबंधाच्या शेवटी बहुधा ‘पुढील अभ्यासाची गरज आहे’ असं वाक्यही असतं. बातमी होताना ते पहिलं गळतं.

मग या अर्काचं करायचं काय?

मला वाटतं, बाटलीतल्या चाचणीत दिसलेला गुण आधी बाटलीतच वापरून पाहावा. तेल खवट होऊ नये म्हणून त्यात टीबीएचक्यूसारखी कृत्रिम अँटिऑक्सिडंट घालतात. त्यांच्या जागी वनस्पतींचे अर्क वापरण्यावर बरंच काम चालू आहे आणि रोझमेरीच्या अर्काला तर युरोपीय संघाने ई-३९२ हा क्रमांक देऊन खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी दिली आहे. इथे आतडं आणि यकृत मध्ये येत नाहीत. रेणू तेलात असतो, ऑक्सिजन तेलात असतो, आणि साखळी तिथल्या तिथे तुटते. अर्थात अन्नात घालायचं म्हटलं की विषारीपणाच्या चाचण्या आल्याच, आणि गुलमोहराने ती पायरी ओलांडलेली नाही.

धातूंना मात्र यकृत नसतं. कारखान्यांत आम्लाने धातू धुताना तो धातूच झिजू नये म्हणून द्रावणात काही रसायनं मिसळतात आणि त्यांतली अनेक घातक असतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुलमोहराचा अर्क आम्लात मिसळून त्यात ॲल्युमिनिअम ठेवून पाहिलं. अर्कातले रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसले आणि झीज कमी झाली. फिनॉलिक रेणूंच्या अशा वापरावर पुढे अनेक झाडांच्या बाबतीत काम झालं आहे. मे महिन्याच्या निरोपांत हा अभ्यास अजून तरी माझ्या पाहण्यात आलेला नाही.